ओव्हनच्या भिंतीला हात

पगारे मॅडमच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या आधी तिच्यावर टिचकी मारायच्या. चहाचा कप, स्टीलचा डबा, नवी फूटपट्टी, पिंपळगावहून कुणी आणलेलं कलिंगड, काहीही. टिचकी मारायची, मान किंचित तिरकी करायची आणि ऐकायचं. आवाज पसंत पडला तर ती वस्तू वापरायची, नाही तर बाजूला सारायची. कॅन्टीनमधला एक कप त्यांनी असाच परत पाठवला, तेव्हा कॅन्टीनवाला दुखावून म्हणाला, "मॅडम, चहा आत्ताच टाकलाय, एकदम ताजा आहे." त्या म्हणाल्या, "चहाबद्दल कोण बोलतंय? कपाला तडा आहे." दुसऱ्या दिवशी धुताना त्या कपाचा कान त्याच्या हातात आला. तेव्हापासून नवे कप आले की तो आधी मॅडमच्या टेबलावर मांडायचा आणि त्या परीक्षा घेतल्यासारख्या एकेकाला पास-नापास करायच्या. त्यांना त्यात फार मजा यायची. अशा वेळी त्या किती खूश दिसायच्या, ते मला अजून आठवतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मध्यम आकाराचा कारखाना होता. नाव सांगत नाही, आता मालकही ते राहिले नाहीत. विमानांना लागणारे पोलादी भाग आम्ही बनवायचो. उत्पादन माझ्याकडे होतं आणि तपासणीची प्रयोगशाळा शालिनी पगारे यांच्याकडे. माझं आडनाव आहेर. पाहुण्यांना ओळख करून देताना त्या म्हणायच्या, "आहेर बनवतात, मी तोडते." ते खरंच होतं. प्रत्येक खेपेतले काही नमुने यंत्रात ओढून, वाकवून, तोडून बघायचे हेच त्यांचं काम. कामगार त्यांना मागून तोडकर बाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी माईकवर स्वतःची ओळख "मी तोडकर बाई" अशीच करून दिली, आणि त्या नावातली गंमतच संपवून टाकली.

उंच होत्या. आवाज मोठा. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पिन आणि पायात पांढरे खेळायचे बूट, कारण शॉपमध्ये जमिनीवर तेल असायचं. नाशिक रोडला राहायच्या. वडील रेल्वेत होते. पुण्याला धातुशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि ही गोष्ट त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायच्या. बढाईखोर होत्या का? होत्या. स्वतःच्या डब्यातली भाकरी कुणाला देत नसत, दुसऱ्याच्या डब्यातलं मात्र न विचारता चाखत. जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसून, सुट्टी असूनही, विहारात जाण्याआधी कारखान्यात एक चक्कर टाकत. "यंत्रांना कुठे सुट्टी असते?" म्हणत.

त्यांच्या खिडकीत तुटलेल्या वस्तूंची रांग होती. बोल्ट, स्प्रिंगा, एका स्कूटरचा आस, एका नमुन्याचे दोन तुकडे. आलेल्या माणसाला त्या तुटलेली बाजू उजेडाकडे धरून दाखवायच्या. इथून तडा सुरू झाला, इथे थोडा थांबला, इथून एकदम गेला. एखादा जोतिषी हात वाचतो तसं. "अख्खी वस्तू काहीही सांगते," त्या म्हणायच्या. "तुटलेली खोटं बोलत नाही."

संध्याकाळी घरी निघताना त्या सरळ फाटकाकडे जात नसत. शॉपमधून वळसा घालून भट्टीच्या बाजूने जात आणि मोठ्या ओव्हनच्या बाहेरच्या भिंतीला क्षणभर तळहात लावत. आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा. ओव्हनवर दौलत असायचा, निफाडकडचा. तो विचारायचा, "मॅडम, ताप हाय का?" त्या म्हणायच्या, "आहे. असू दे." हा संवाद वर्षानुवर्षं तसाच चालला. माझ्या लेखी ती एक लकब होती. मी कधी त्याचा विचार केला नाही.

त्या चुकतही असत. एकदा त्यांनी बोल्टची एक सबंध खेप नापास केली. माझ्या विभागाने ते बोल्ट पुन्हा बनवले, माणसं जादा थांबली, मालकांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. नंतर लक्षात आलं, की बोल्ट चांगले होते, मॅडमच्या यंत्राचा काटाच सरकला होता. त्या माझ्या केबिनमध्ये येऊन चार शब्द बोलल्या असत्या तरी मला पुरलं असतं. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना शॉपच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बोल्ट बरोबर होते. यंत्र मी तपासलं नव्हतं. चूक माझी आहे, आहेरांची नाही आणि तुमची तर नाहीच." कुणाला कुठे बघावं कळेना. मी त्यांना नंतर म्हणालो, एवढं सगळ्यांसमोर कशाला? त्या म्हणाल्या, "बोलणी तुम्ही सगळ्यांसमोर खाल्लीत ना? मग कबुली कोपऱ्यात देऊन कशी चालेल?"

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

मग समुद्राचं काम आलं.

जमिनीवरून उडणारी लढाऊ विमानं जहाजावरून वापरता यावीत म्हणून त्यांच्यात बदल करायचे, असं ते काम होतं. त्यातला एक भाग आमच्याकडे आला. विमानाच्या शेपटीखाली एक लांब पोलादी दांडा बसवायचा, त्याच्या टोकाला आकडा. जहाजाच्या डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमान उतरताना तो आकडा तारेत अडकला पाहिजे, म्हणजे विमान थांबतं. नाशिकच्या माणसांना हे समजावून सांगण्याचं काम मॅडमनी स्वतःकडे घेतलं. म्हणाल्या, "येवल्याची एसटी भरधाव चाललीय. एरवी ड्रायव्हर ब्रेक दाबतो, गाडी पुढे जाऊन सावकाश थांबते. तो झाला रनवे. आता समजा स्टँड एवढंसंच आहे आणि पुढे विहीर आहे. मग कुणी तरी मागून गाडीला आकडा टाकून जागच्या जागी ओढून धरायची. ते धरणारं जे मनगट आहे ना, ते आपण बनवतोय." दौलत म्हणाला, "आन् मनगट मोडलं तर?" मॅडम म्हणाल्या, "तर विहीर."

दुसरी अडचण खाऱ्या हवेची. जमिनीवर वर्षानुवर्षं टिकणारं पोलाद समुद्रावर बघता बघता गंजतं. त्यासाठी मॅडमनी प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याचा फवारा उडवणारी एक पेटी बसवून घेतली. कामगारांनी तिचं नाव चौपाटी ठेवलं. "कुठं गेला तो तुकडा?" "चौपाटीवर बसलाय." गंजू नये म्हणून दांड्यांवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवायचा, त्याला आम्ही प्लेटिंग म्हणतो. आणि इथेच सगळी मेख होती.

प्लेटिंगच्या टाकीत पोलाद थोडा हायड्रोजन शोषून घेतं. साध्या पोलादाला त्याने विशेष काही होत नाही. पण या दांड्याचं पोलाद अतिशय कडक होतं, आणि पोलाद जितकं कडक तितका हा वायू त्याला आतून ठिसूळ करतो. म्हणून टाकीतून काढल्यावर दांडे लगेच ओव्हनमध्ये घालून बराच वेळ मंद भाजायचे, म्हणजे तो वायू निघून जातो. उशीर झाला तर आत केसासारखे तडे पडतात, मग कितीही भाजलं तरी ते बुजत नाहीत. वरून दिसत काही नाही. ताण दिला तरी दांडा लगेच तुटत नाही. ताणाखाली राहतो, राहतो आणि कधी तरी जातो.

आमच्याकडे ओव्हनची एक जुनी रीत होती. तो भरल्याशिवाय लावायचा नाही. मोठा होता, विजेचा राक्षस. दोन-चार वस्तूंसाठी तो तापवणं म्हणजे पाप समजलं जायचं. पिंपळगावच्या नाक्यावरची काळी-पिवळी जीप जशी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, तसा आमचा ओव्हन. जमिनीवरच्या विमानांचे साधे भाग रात्रभर हुकांना टांगून ठेवायचे आणि सकाळी पुढचा माल आला की सगळे एकदम भाजायचे. इतकी वर्षं कधी काही बिघडलं नव्हतं. मॅडमनी या दांड्यांसाठी ही रीत बंद करायला लावली. दांडे निघाले की ओव्हन लागला पाहिजे, मग आत एकच दांडा असला तरी. मालकांनी मान्य केलं. मीही मान डोलावली.

त्या हिवाळ्यात सीमेवर गोळीबार वाढला. लढाई जाहीर झाली नव्हती, पण चहाच्या टपरीवरसुद्धा सगळे लढाईच म्हणत होते. नौदलाचा एक कमांडर आमच्याकडे ठाण मांडून बसला. सभ्य माणूस, पण झोप नसल्याने डोळे लाल. पहिल्या तुकडीची विमानं किनाऱ्यावरच्या तळावर उभी होती, फक्त आकड्यांची वाट बघत. तो दिवसातून अनेकदा माझ्या केबिनमध्ये यायचा, काही बोलायचा नाही, नुसता उभा राहायचा. मालक त्याच्यापेक्षा वाईट. ते बोलायचे.

त्या शनिवारी दांडे टाकीतून निघाले तेव्हा दुपार कलली होती. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. दौलतने विचारलं, ओव्हन लावू का? सोमवारी सकाळी दुसऱ्या मोठ्या ऑर्डरचा माल भाजायचा होता. आत्ता ओव्हन लावला असता तर रविवारी कुणाला तरी थांबावं लागलं असतं, आणि मालक आदल्याच दिवशी विजेच्या बिलावरून माझ्यावर घसरले होते. मी म्हणालो, "टांगून ठेव. सोमवारी सगळं एकदम टाकू." दौलत म्हणाला, "मॅडम बोलल्या व्हत्या ना लगेच?" मी म्हणालो, "मॅडमना मी सांगतो." सांगितलं नाही. इतकी वर्षं काही झालं नव्हतं, आताही होणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. तसंच वाटलं होतं, म्हणून लिहितो.

सोमवारी संध्याकाळपर्यंत दांडे भाजून झाले, वरवरच्या तपासण्यांत पास झाले. कमांडरने गाडी बोलावली. तेव्हा मॅडम मालकांच्या केबिनमध्ये आल्या. मी आणि कमांडर तिथेच होतो. त्या बसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आहेर, शनिवारी दांडे टाकीतून निघाले ते लगेच ओव्हनमध्ये गेले ना?"

मी म्हणालो, "हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. कपावर टिचकी मारल्यावर मान तिरकी करायच्या, तशी मान करून. मग मालकांना म्हणाल्या, "यातला एक दांडा मला द्या. चौकटीत ताणून ठेवते. तुटला नाही तर पाठवा."

"किती वेळ?" कमांडरने विचारलं.

"तो सांगेल तेवढा."

मालकांनी डोक्याला हात लावला. पण कमांडरला मॅडमबद्दल आदर होता, त्याने गाडी थांबवली. प्रयोगशाळेत मधोमध एक जाड लोखंडी चौकट होती. तीत तो दांडा दोन्ही टोकांनी ओढून बसवला गेला, आणि सगळा कारखाना त्याच्याभोवती फिरायला लागला. दांडा नुसता होता. हलत नव्हता, वाजत नव्हता. लोक काही तरी काम काढून यायचे, बघायचे, परत जायचे. मॅडमनी खुर्ची ओढून चौकटीसमोर ठेवली आणि तिथेच डबा उघडला.

मंगळवार गेला. बुधवारी टपरीवर विमानांच्या बातम्या होत्या, खऱ्या की खोट्या कुणाला ठाऊक. कामगारांत कुजबुज सुरू झाली. एकाच्या भाच्याची नेमणूक सीमेवर होती. तो मला म्हणाला, तिकडे पोरं मरतायत आणि ही बाई इथे लोखंड राखत बसलीय. मालकांनी केबिनचं दार लावून मला सांगितलं, की हे सगळं मोठेपणासाठी चाललंय, आणि मग हळूच, "यांना पदव्या कशा मिळतात ते आपल्याला माहीतच आहे." आपल्याला, म्हणाले. मी गप्प बसलो. मी एक वाक्य बोललो असतो, दांडे रविवारभर टांगले होते एवढंच, तर ती चौकट, ती खुर्ची, ते बोलणं, काहीच लागलं नसतं. पण एकदा हो म्हणून झालं होतं. आणि दांडाही तुटत नव्हता. माझं मन मला म्हणत होतं, बघ, तुटत नाही. तू बरोबर होतास.

मॅडमशी त्या दिवसांत माझं फक्त एकदा बोलणं झालं. मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. एक शेंग माझ्यापुढे धरली, आजवर कधी धरली नव्हती. म्हणाल्या, "आहेर, तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "दमलात तुम्ही. घरी जा."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

गुरुवारी सकाळी वरून फोन आला. कमांडरचा नाइलाज झाला. गाडी भरली, फाटकातून निघाली. मालकांनी मॅडमना बोलावून सक्तीच्या रजेवर जायला सांगितलं. लढाईच्या काळात कामात अडथळा आणला, हे शब्द वापरले. मी शेजारी उभा होतो. त्या वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी पर्स घेतली, बुटांची नाडी बांधली. दारात माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "चौकट सोडवू नका. ताण तसाच राहू दे. तेवढं करा."

त्या दिवशी त्या भट्टीवरून गेल्या नाहीत. सरळ फाटकाकडे गेल्या.

मालकांनी चौकट सोडवायला सांगितलं होतं. मी सोडवली नाही. त्याला मी हिंमत म्हणणार नाही. त्या चौकटीला हात लावायची मला भीती वाटत होती.

शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपत असताना आवाज आला. गोळी सुटल्यासारखा, एकच. मी धावत गेलो तर दांड्याचा अर्धा भाग भिंतीपाशी पडला होता आणि मॅडमची रिकामी खुर्ची आडवी झाली होती. दारात दौलत उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

कमांडरचा फोन लागेना. तळावरच्या कार्यालयात कुणी उचलेना. मी मालकांच्या केबिनमधून, गेटवरून, मिळेल तिथून लावत राहिलो. शेवटी एका माणसाने उचलला आणि सांगितलं, साहेब मैदानावर आहेत, पहिलं विमान निघायच्या तयारीत आहे. जमिनीवरच तारा ताणून सराव करायचा होता. मी ओरडलो, की जाऊन सांगा, नाशिकहून आहेर बोलतोय, उडू देऊ नका. फोन कानाला लावून मी उभा होतो आणि डोळ्यांसमोर येवल्याची एसटी येत होती. बऱ्याच वेळाने कमांडरचा आवाज आला. विमान थांबवलं होतं.

"कारण काय?" त्याने विचारलं.

तेव्हाही मी सांगितलं नाही. म्हणालो, त्याच खेपेतला दांडा तुटला, बाकीचेही तसेच असतील. त्याला तेवढं पुरलं. नंतर चौकशी झाली. टाकीतल्या रसायनात दोष असावा असं ठरलं, टाकी रिकामी करून भरली गेली. मी ओव्हनची ती रीत कायमची बंद केली, दौलतला एकच दांडा असला तरी ओव्हन लावायला लावलं. नवे दांडे व्यवस्थित गेले. ती विमानं समुद्रावर उतरली.

कौतुक माझं झालं. आहेरांनी वेळेवर फोन केला. आहेरांनी चौकट सोडवली नाही. शाल, श्रीफळ, बढती. मालकांनी मॅडमना परत बोलावणं धाडलं, ते मीच फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "दांडा कशाने तुटला ते सांगा, उद्या येते." मी म्हणालो, चौकशीत टाकीचं रसायन निघालं. त्या म्हणाल्या, "नाही हो आहेर. रसायन माझं होतं. ते मी रोज तपासायचे." आणि फोन ठेवला. त्या परत आल्या नाहीत. विमानांच्या कामात त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही, कारण जिथे जातील तिथे त्यांच्याआधी ते शब्द पोचायचे. लढाईच्या काळात अडथळा. पुढे एका शाळेत शिकवत होत्या असं ऐकलं. कारखान्यात एक कथा उरली, की एक हट्टी बाई होती, घाबरट, कामात खोडा घालायची, आणि आहेरांनी प्रसंग निभावला. मी ती कथा चालू दिली.

या वर्षी नव्या मालकांनी जुन्या माणसांचा सत्कार ठेवला. निवेदक तरुण होता. त्याने ती कथा मला समोर बसवून सांगितली, त्यात बाईंचं नावही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन घरी आलो. त्या रात्री कपाटातून तो तुटलेला अर्धा दांडा काढला. इतकी वर्षं तो माझ्याकडेच होता.

नाशिक रोडला त्यांचं घर शोधायला त्रास पडला नाही. पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. चहा केला. कप माझ्यापुढे ठेवण्याआधी टिचकी मारली. मी पिशवीतून दांडा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शनिवार, दौलत, टांगलेले दांडे. त्यांनी मधे थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. शनिवारी जाताना भिंतीला हात लावला होता. गार होती. दांडे शनिवारीच टाकीतून निघाले होते हे मला सोमवारी कळलं, तेव्हा ती आठवली."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत?

"माझ्या तळहाताला पुरावा कोण मानणार होतं? आणि मानला असता तर दौलतला काढलं असतं. तुम्हाला नाही." कप हातात फिरवत त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही बोलेनात, म्हणून मग लोखंडालाच विचारलं."

खालून रिक्षा जात होत्या. मी म्हणालो, मला माफी मागायची आहे. हे म्हणताना मी हात जोडले होते.

त्या म्हणाल्या, "इथे? या खोलीत?" आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती. "मला माहीतच होतं हो. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे जा."

मी दांडा उचलायला गेलो तर म्हणाल्या, "तो राहू दे."

खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि मागे वळून बघितलं. त्या खिडकीत उभ्या होत्या. तिथेही तुटलेल्या वस्तूंची रांग होती, ती सरकवून त्या जागा करत होत्या. मग दांडा दोन्ही हातांनी उचलून त्याची तुटलेली बाजू उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचायला लागल्या. आता हा तुकडा त्या पहिल्यांदाच बघत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खाली मी उभा होतो, पण त्यांनी खाली बघितलं नाही.